‘मनावर घेतलं तर जमंल की त्याला’ : बायपोलर आणि मूडवरचा ताबा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, आणि जे डॉक्टरला विचारायला माणसं लाजतात ते सगळं मेडिकलवाल्याला विचारतात. त्यातला एक प्रश्न हल्ली जास्तच यायला लागलाय, कारण बायपोलर, म्हणजे मूड फार वर किंवा फार खाली जाऊन तिथंच अडकायचा आजार, हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडात आहे. रॅपर हनी सिंगनं स्वतःच्या याच आजाराबद्दल जाहीर सांगितलं तेव्हापासून तर कॉलेजची पोरंपण वापरतात, सकाळी ऊन आणि दुपारी पाऊस आला की ‘कोल्हापूरचं हवामान बायपोलर झालंय’ असं स्टेटस पडतंच. पण ज्यांच्या घरात खरंच हा आजार आहे ती माणसं चिठ्ठी काउंटरवर ठेवतात, मागं ओळखीचं कोण उभं नाही ना बघतात आणि हळूच विचारतात, "दादा, खरं सांगा, ह्यांना आवरता येत न्हाई का हे मुद्दाम करत्यात?"

मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला माणूस आहे. पण या गोळ्या रोज हाताखालून जातात आणि घेणारी माणसंही वर्षानुवर्षं डोळ्यासमोर आहेत, म्हणून जेवढं खात्रीनं माहीत आहे तेवढं सांगतो. मूड एकदा चढला किंवा पडला की तो नुसत्या मनाच्या जोरावर आवरता येत नाही. पण चढायच्या आधी आणि दोन झटक्यांच्या (मूड असा वर किंवा खाली जाऊन राहतो त्या काळाला मी झटका म्हणतोय) मधे जे बरे दिवस असतात त्यात बरंच काही हातात असतं, आणि लोकांचा घोळ होतो तो इथंच.

नुसता मूड बदलणं वेगळं

सकाळी घरात भांडण झालं, दुपारी मिसळ खाऊन बरं वाटलं, संध्याकाळी मॅच हरली आणि परत तोंड पडलं, हे सगळ्यांचंच होतं. बायपोलरमध्ये मूड असा तासातासाला फिरत नाही. तो एकदा वर गेला की कित्येक दिवस, कधी कधी महिने वरच राहतो, आणि खाली गेला की तसाच खाली.

वरच्या टोकाला मॅनिया म्हणतात. निदान ७ दिवस टिकला किंवा त्याआधीच ॲडमिट करायची वेळ आली तर डॉक्टर त्याला मॅनिया धरतात. त्याचा सौम्य प्रकार म्हणजे हायपोमॅनिया, तो निदान ४ दिवस, त्यात माणूस कामधंदा करत असतो, उलट जरा जास्तच करत असतो. खालच्या टोकाला डिप्रेशन, निदान २ आठवडे. जार्गन एवढंच, आता पुढं फारसं येणार नाही.

आमच्या एका गिऱ्हाईकाचं सांगतो, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत. गडी एकदम शांत, छोटं दुकान, हिशोबाला चोख. एकदा रात्री शटर अर्धं ओढलेलं असताना आत घुसला आणि म्हणाला, जोतिबाच्या यात्रेला वाटायला ओआरएसची ५ हजार पाकिटं पाहिजेत, आत्ता ऑर्डर टाक, पैसे आत्ता ट्रान्सफर करतो. यात्रेला तेव्हा चार महिने होते. मी काहीतरी बोलायला जावं तर माझं वाक्य अर्धं व्हायच्या आत त्याची तीन वाक्यं झालेली असायची, त्यातलं पहिलं यात्रेचं, दुसरं जमिनीच्या प्लॉटचं आणि तिसरं आमदारकीला उभं राहण्याचं. दुकानातल्या पोराच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. झोपतोस का रे म्हटलं तर म्हणाला, "झोप म्हणजे टाइम वेस्ट हाय भावा, दोन तासात माझी बॅटरी फुल." आणि बाइकला किक मारून पन्हाळ्याला गेला, रात्री अकराला, एकटाच.

नंतर पावसाळ्याच्या तोंडाला त्याची बायको गोळ्या न्यायला आली, तो बाहेर रिक्षात बसला होता. मी हात केला, त्यानं बघितलं पण ओळख द्यायलासुद्धा अंगात काही नव्हतं. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एकात एक चुकलेली. वहिनी म्हणाल्या, अंघोळीला उठवायचं म्हणजे अर्धा दिवस जातोय.

लोकांना वाटतं बायपोलर म्हणजे निम्मे दिवस वर, निम्मे दिवस खाली. तसं नसतं. बऱ्याच जणांचे खालचे दिवस वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात, फक्त वरच्या दिवसांचा बोभाटा गल्लीभर होतो आणि खालचे दिवस घराच्या आतल्या खोलीत जातात. याच कारणानं निदानही उशिरा होतं, कारण माणूस डॉक्टरकडे जातो तो डिप्रेशनमध्ये, मागच्या वर्षी दोन महिने झोपेविना उड्या मारत होतो हे कोण सांगत नाही, त्याला तो आजार वाटलेलाच नसतो.

डोक्यात नेमकं काय बिघडतं

एकच एक कारण नाही, आणि कोणी तसं छातीठोक सांगत असेल तर जरा सांभाळून ऐका. पण आजार रक्तात बऱ्यापैकी उतरतो हे पक्कं. आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात साधारण पाच ते दहा जणांना होतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला असला तर दुसऱ्याला असण्याची शक्यता खूप मोठी, पण शंभर टक्के नाही, म्हणजे नुसतं रक्तच नाही, वर ताण, जागरण, नशा, बाळंतपण असलं काहीतरी निमित्त लागतं. बहुतेकांना पहिला झटका कॉलेजच्या वयात किंवा विशी-पंचविशीत येतो, अगदी करिअर आणि लग्न ठरायच्या वयात, त्यामुळं घरच्यांना वाटतं पोरगं वाया गेलं, संगत लागली.

आणि दुर्मीळ म्हणावा असाही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०१९ मध्ये जगात साधारण ४ कोटी लोक यासोबत जगत होते. आपल्याकडं बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशाचा मानसिक आरोग्य सर्व्हे केला, त्यात आलं की दर हजारी साधारण पाच मोठ्या माणसांना आयुष्यात कधीतरी हा त्रास झालेला असतो. कोल्हापूर शहराला हे लावून बघा, हजारोंत आकडा जातो. आणि ज्यांना आजार होता त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते.

"पण मनावर घेतलं तर जमतंय की!"

हा आक्षेप घरातली म्हातारी माणसं घेतात, तालमीतले वस्ताद घेतात आणि शिकलेली माणसंही घेतात. राग आला तर आपण गिळतो, वाईट वाटलं तर कामात मन घालतो, मग ह्यालाच काय धाड भरलीय.

अडचण अशी की ज्यानं आवरायचं तोच बिघडलेला असतो. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग विचार करून थांबायचं काम करतो, आणि आत खोलात भावना उठवणारे भाग आहेत. मॅनियात या पुढच्या भागाची आतल्या भागांवरची पकड ढिली पडते, हे मेंदूच्या स्कॅनमधून बऱ्याचदा दिसलंय. तुम्ही म्हणता मनावर घे, पण ज्या मनानं घ्यायचं ते मनच त्या वेळी त्याला सांगत असतं की तू भारी आहेस, हे बाकीचे येडे आहेत.

त्यात मॅनियाची आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती, पण निदान सुरुवातीला तो छान वाटतो. अंगात ताकद, डोक्यात आयडिया, कोणाची भीती नाही. ज्याला स्वतःला इतकं मस्त वाटतंय तो ते कशाला आवरेल? आपण आजारी आहोत हेच त्याला दिसत नाही, आणि हे न दिसणं आजाराचाच भाग आहे, हट्टीपणा नाही. आणि मॅनिया दर वेळी आनंदीच असतो असंही नाही, काहींना नुसता संताप येतो, शब्दाशब्दाला भांडण, त्यांना तर आजारी कोणी म्हणतच नाही, तिरसट म्हणतात.

आता यावर घरचे जो पुरावा काढतात तो मला दहा जणांनी तरी सांगितला असेल. "डॉक्टरसमोर कसा गुणी बाळासारखा बसला होता! म्हणजे याला सगळं जमतंय, फक्त आमच्यासमोर नाटकं." हे बघणं खोटं नाही. पंधरा-वीस मिनिटं स्वतःला धरून ठेवणं बऱ्याच जणांना जमतं, खासकरून मॅनिया अजून पूर्ण चढलेला नसताना. पण वीस मिनिटं धरणं वेगळं आणि वीस दिवस धरणं वेगळं, आणि त्या वीस मिनिटांनी आतला वेग कमी होत नाही, तो नुसता झाकला जातो, बाहेर आल्यावर दुप्पट निघतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातलं एक माणूस सोबत पाहिजे, आणि त्याला वेगळं बोलायला मिळालं पाहिजे.

डिप्रेशनच्या बाजूला हाच सल्ला वेगळ्या कपड्यात येतो, "उठ, रंकाळ्याला एक फेरी मारून ये, बरं वाटंल." फिरणं चांगलंच आहे, मी नाही म्हणणार नाही, हलक्या डिप्रेशनमध्ये त्याचा फायदाही होतो. पण ज्याला खाटेवरून बाथरूमपर्यंत जायला तास लागतोय त्याला रंकाळा दाखवला की त्याला एवढंच कळतं की आपल्याकडून हेही होत नाही. त्यापेक्षा दारात दहा मिनिटं उन्हात बस, मी पण बसतो, एवढं म्हणा.

मग ताबा असतो कुठं? राजाराम बंधाऱ्यावर बघा

आपण कोल्हापूरकर, आपल्याला हे समजायला अवघड नाही. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, कोणाला विचारत नाहीत. पाऊस आपल्या हातात नाही, दरवाजे आपल्या हातात नाहीत आणि पंचगंगेला ‘जरा मनावर घे’ म्हणणारा अजून कोणी जन्मला नाही. आपण काय करतो, तर जुलै लागला की दिवसातून चार वेळा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पुराच्या पाण्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. नदीकाठच्या आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीची माणसं ३९ च्या आसपासच जनावरं सोडवतात, धान्याची पोती वर टाकतात, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं पोचवतात. तेव्हा ट्रॅक्टरनं होणारं काम ४७ फुटाला बोटीनं करावं लागतं, आणि तेव्हा मालकाचं कोण ऐकत नाही, बोटवाला सांगेल तसं जायचं.

बायपोलरमध्ये ताबा म्हणजे हे असतं. प्रत्येक पेशंटची स्वतःची ३९ फुटाची खूण असते आणि ती बहुतेक वेळा दर झटक्याला तीच असते. कोणी पहाटे तीनला उठून भांडी घासायला घेतं. कोणी ग्रुपवर दिवसाला पन्नास मेसेज टाकायला लागतं, कोणाचे ऑनलाइनचे खोके दारात साचतात. आमच्या त्या गिऱ्हाईकाची खूण वहिनींनी शोधून काढली, तो हिशोबाच्या वहीत लाल पेन वापरायला लागतो. एरवी निळंच. लाल दिसलं की त्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरना फोन करतात, डॉक्टर गोळी थोडी वाढवतात आणि आठवडाभरात निळं पेन परत. डॉक्टरला हे कधीच दिसलं नसतं, पुस्तकात तर नाहीच. खाली जायच्या खुणा वेगळ्या असतात, फोन न उचलणं, कट्ट्यावर जायचं बंद होणं, आवडतं जेवण ताटात तसंच राहणं.

या खुणा बऱ्या दिवसांत बसून कागदावर लिहायच्या, पेशंटनं आणि घरातल्या एका माणसानं मिळून. हे घरगुती शहाणपण नाही, लवकरच्या खुणा ओळखून लगेच मदत घ्यायला शिकवलेल्या पेशंटना पुढचा मॅनिया बराच उशिरा येतो असं अभ्यासांतही दिसलंय. पण याची मर्यादाही माहीत पाहिजे. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्या वर गेलंच, तयारी केलेल्यांच्या घरातही शिरलं. सगळ्या गोळ्या वेळेवर घेणाऱ्या माणसालाही झटका येऊ शकतो, आणि आला तर ‘तूच काहीतरी चुकवलं असशील’ हे पहिलं वाक्य नको.

झोप हीच पहिली गोळी

एकच गोष्ट सांभाळता येणार असेल तर झोप सांभाळा. मॅनियात झोप कमी होते हे सगळ्यांना माहीत आहे, पण उलटंही होतं, झोप मोडली की मॅनिया चढतो. मेंदूतलं जे दिवस-रात्रीचं घड्याळ आहे ते या माणसांचं नाजूक असतं, एका रात्रीच्या जागरणानंही काहींची गाडी घसरते.

आता आपल्याकडं जागरणाला काय तोटा आहे का. गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी चालू, लग्नाआधीच्या रात्री, देवीचा जागर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शिफ्ट. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीतल्या पोरांची शिफ्ट दर आठवड्याला फिरते, या आजाराला याच्याइतकं घातक थोडंच काही असेल. डॉक्टरचं पत्र घेऊन कायम दिवसपाळी मागता येते, बघा मागून, एचआरला आजाराचं नाव न सांगताही ‘झोपेच्या वैद्यकीय कारणासाठी’ एवढं पुरतं बऱ्याचदा. मिरवणूक बघायची तर बघा की, बारापर्यंत, आणि घरी.

झोपायची वेळ पाळणं अवघड जातं, उठायची वेळ पाळणं त्यामानानं सोपं, त्यामुळं उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच ठेवायची. जेवण, काम, गोळी, सगळं रोज साधारण त्याच वेळेला. कंटाळवाणं आहे, पण याच गोष्टीवर अख्खी एक थेरपी उभी आहे आणि ती चालते. दारू आणि गांजा हे दोन्ही झोपेची आणि गोळ्यांची माती करतात.

बाळंतपणाचं वेगळं सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. ज्या बाईला बायपोलर आहे तिला बाळंत झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत मोठा झटका यायचा धोका एरवीपेक्षा खूप जास्त असतो. दिवस राहायच्या आधीच डॉक्टरशी बोलून गोळ्यांचं ठरवायला पाहिजे, कारण व्हॅल्प्रोएटसारखी गोळी पोटातल्या बाळाला घातक आहे, आणि सगळ्या गोळ्या एकदम बंद करणंही तितकंच धोक्याचं. आणि रात्री बाळाला घ्यायला दुसरं कोणीतरी पाहिजे. सासूबाईंनी हे काम घेतलं तर अर्धं औषध झालं म्हणायचं.

लिथियम : माझ्या काउंटरवरची गोष्ट

१९४८-४९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं गिनीपिगना लिथियम टोचलं, ते शांत झाले, मग त्यानं मॅनियाच्या दहा पेशंटना देऊन बघितलं आणि फरक पडला. लिथियम म्हणजे तेच, मोबाईलच्या बॅटरीतलं, साधा एक धातू, त्याचा क्षार. इतकी वर्षं झाली तरी बायपोलरसाठी त्याच्या तोडीची औषधं थोडीच आहेत, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर त्याचं नाव पहिलं घेतात. हे महत्त्वाचं आहे कारण या आजारात तो धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असतो. लिथियमशिवाय व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन वगैरे आहेत, कोणाला काय लागू पडेल ते डॉक्टर बघतात.

लिथियमचं एकच, त्याला मोजमाप लागतं. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० च्या आत पाहिजे, कमी झालं तर उपयोग नाही, १.५ च्या वर गेलं की विषबाधा. म्हणजे औषध आणि विष यात अंतर फार थोडं. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणून टेस्टच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. दर सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइडची तपासणी.

आता हे नीट वाचा, कारण हे आमच्याकडं रोज घडतं. गुडघा दुखतोय म्हणून माणूस येतो आणि कॉम्बिनेशनची अंगदुखीची गोळी मागतो, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली. लिथियम चालू असताना त्या गोळ्यांनी किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते आणि रक्तातली पातळी चढते. पॅरासिटामॉल चालतं, बाकीचं डॉक्टरला विचारून. बीपीच्या काही गोळ्यांनीही असंच होतं. एप्रिल-मेच्या उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपवास धरला, किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून एकदम मीठ सोडलं, या सगळ्यानं पातळी वाढते. हात जास्तच थरथरायला लागले, चालताना झोक जातोय, जीभ जड झाली, जुलाब लागले, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा. आणि कुठल्याही मेडिकलमध्ये काहीही घेताना आधी सांगायचं, लिथियम चालू आहे. लाजायचं काही नाही, आम्ही शुगरची गोळी देतो तशीच ही देतो.

अजून एक. डिप्रेशन आहे म्हणून कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरची डिप्रेशनची गोळी आणून खाल्ली तर बायपोलरमध्ये ती माणसाला थेट मॅनियात ढकलू शकते. म्हणून आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, तर लोक आमच्यावर चिडतात.

"मग जन्मभर गोळ्या? सवय लागेल की"

सवय लागणं म्हणजे डोस वाढवत जावा लागणं, तलफ येणं. लिथियमची किंवा या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांची तशी तलफ येत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची लागते, ती वेगळी जात. पण जन्मभर हा शब्द कोणालाही जड जाणारच, आणि साइड इफेक्ट खोटे नाहीत, वजन वाढतं, तहान लागते, हात कापतो, काहींना सगळं बेचव वाटतं. हे डॉक्टरला सांगा, डोस बदलतो, गोळी बदलते. स्वतःच बंद करू नका, लिथियम एकदम बंद केलं की मॅनिया परत यायचा धोका चांगलाच वाढतो. मी काउंटरवरून बघतो ना, नेमानं येणारा माणूस दोन महिने दिसला नाही की मला वाटतं बरा असू दे बाबा, आणि बऱ्याचदा तिसऱ्या महिन्याला त्याचा भाऊ येतो. बरं वाटायला लागलं म्हणून बंद केलेली असते. बरं वाटत होतं ते गोळीनंच.

"आमच्या भावकीतला एकजण गोळीशिवाय बरा झाला"

झाला असेल. मॅनिया उपचार न करताही बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप उतरतो, डिप्रेशनही उतरतं. मग घरचे आधी देवऋषी करतात, मग उतारा, मग कुठल्या तरी बाबाचा अंगारा, मग ‘लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल’, आणि उतरायच्या वेळेला जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं. देवाला जायला कोणाची ना नाही, अंबाबाईला मीही जातो. पण आजार परत येतो का हे बघायला चार-पाच वर्षं थांबायला लागतं, आणि तोवर अंगारा देणारा लक्षात राहतो, मधल्या काळात विकलेला प्लॉट नाही.

लग्नाचं तर स्पष्टच बोलतो, ते औषध नाही. नीट उपचार घेणारी कितीतरी माणसं संसार करतात, पण समोरच्याला आधी सांगून.

"म्हणजे काही पण करायचं आणि आजारावर ढकलायचं?"

हा प्रश्न मला रास्त वाटतो, विशेषतः विचारणारी बायको असेल तर. मॅनियात उडवलेले पैसे तिलाच फेडायचे असतात, आणि झालेले अपमान तिनेच गिळलेले असतात. आजार होता म्हणून त्याला दोष नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की झालेलं नुकसान झालेलंच असतं आणि बरा झाल्यावर ते निस्तरायची जबाबदारी त्याचीही आहे. मॅनियात त्यानं काय केलं यावर भांडण्यापेक्षा बऱ्या दिवसांत तो काय करतो हे बघावं असं माझं मत. गोळी घेतो का, रात्री वेळेवर झोपतो का, खुणांचा कागद लिहायला बसतो का. यातलं काहीच न करणाऱ्याची मी बाजू घेणार नाही. आणि मारहाण होत असेल तर आजार असो नसो, आधी स्वतःला आणि पोरांना बाजूला काढायचं.

बऱ्या दिवसांत पैशाचंही ठरवून घ्यावं. यूपीआयची मर्यादा कमी करणं, मोठ्या खात्याला दोघांच्या सह्या, कर्जाची ॲप काढून टाकणं, गाडीची किल्ली कोणाकडं द्यायची. त्यानंच स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं असलं की मॅनियाच्या वेळी ‘तूच ठरवलं होतंस’ एवढं म्हणता येतं. ऐकेलच असं नाही, पण बायकोनं लादलेलं राहत नाही ते. याला कायद्याचाही आधार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१८ पासून लागू आहे, त्यात कुठलाही सज्ञान माणूस बरा असताना आधीच लिहून ठेवू शकतो की आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. आपल्याकडं हे कोणी वापरताना मी फारसं बघितलेलं नाही, पण या आजाराला हे जितकं उपयोगी आहे तितकं दुसऱ्या कशाला क्वचितच असेल.

मॅनिया चढलेला असताना वाद घालून जिंकता येत नाही. आवाज खाली, वाक्यं छोटी, टीव्ही बंद, पाहुणे कमी, ‘तू येडा झालायस’ हे बिलकुल नाही, ‘तुला तीन दिवस झोप नाही, झोपेचं औषध आणूया’ हे बऱ्याचदा चालतं, कारण ते त्यालाही नाकारता येत नाही.

पहिल्यांदा दाखवायला जाताना

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, खासगी डॉक्टरही शहरात आहेत. रत्नागिरीला न्यावं लागणार असं लोकांना अजून वाटतं, मनोरुग्णालय तिथं आहे म्हणून, पण बहुतेकांचा उपचार घरी राहूनच होतो. रात्री-अपरात्री काही सुचत नसेल तर टेलिमानस, १४४१६, केंद्र सरकारची सेवा, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. जगण्यात अर्थ नाही, मी गेलेलो बरा असलं काही बोलणं कानावर आलं तर वाट बघायची नाही, त्याला एकट्याला ठेवायचं नाही, घरातलं कीटकनाशक आणि गोळ्यांचे डबे कुलपात टाकायचे आणि त्याच दिवशी दाखवायचं.

जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घ्या, बीपी-थायरॉइडच्याही. मागच्या दोन आठवड्यांत किती वाजता झोपला, किती वाजता उठला ते लिहून न्या. घराण्यात कोणाला असं काही होतं का ते आजीला किंवा आत्याला विचारून जा, त्यांना माहीत असतं, नुसतं कोणी विचारलेलं नसतं. आणि आता डिप्रेशन दिसत असलं तरी डॉक्टरना हे आवर्जून सांगा की याआधी कधी असे दिवस आले होते का, जेव्हा झोप नव्हती आणि तरी दमत नव्हता.